शेती, पोरं आणि कचरा

आमच्या घरमालकीणबाई चिडल्या तरी आवाज चढवत नसत. चष्म्यावरून समोरच्याकडे बघत एवढंच विचारत, "तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात?" समोर जिल्ह्याचा मोठा अधिकारी असो, बेकरीतली बाई असो, नाहीतर माझा नवरा. नवरा एकदा त्यांच्याकडे जेवताना सहज म्हणाला, की पूर्व जर्मनीतल्या शेतीत आता काही राम उरला नाही. बाईंनी काटा खाली ठेवला.

"शेतात तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

"मी लेझरवर काम करतो," तो म्हणाला.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि पुन्हा बटाटे खायला लागल्या.

दोन हजार सालानंतरची ही पहिली काही वर्षं. नवऱ्याला येना शहरातल्या एका संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळाली होती. शहरात आम्हाला झेपेल असं घर मिळेना, म्हणून टेकड्यांमधल्या एका गावात आम्ही वरचा मजला भाड्याने घेतला. खाली बाई एकट्या. सत्तरीच्या, उंच, हाडापेराने मजबूत. केस स्वतःच कात्रीने कापलेले, त्यामुळे एका बाजूला कायम थोडे जास्त. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत त्या गावच्या सामुदायिक शेतीवर कृषितज्ज्ञ होत्या. देश एक झाला, ती शेती मोडली, निम्मं गाव घरी बसलं. बाईंना मात्र जिल्ह्याच्या कचेरीत शेतकऱ्यांना सल्ला द्यायची नोकरी मिळाली. ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिली. निवृत्त झाल्यावर त्या कुठल्याही पक्षाशिवाय क्राइसटागवर निवडून आल्या. क्राइसटाग म्हणजे आपली जिल्हा परिषदच.

तिथे समित्या वाटल्या गेल्या तेव्हा रस्ते, इमारती आणि बजेट मोठ्या पक्षांनी उचललं. उरलंसुरलं एका समितीत कोंबलं आणि बाईंना तिथे बसवलं. "शेती, पोरं आणि कचरा," बाई सांगायच्या. "ज्यात कुणालाच रस नाही ते सगळं आमच्याकडे." शेती सल्लागाराचं कार्यालय, गावोगावचे तरुणांचे क्लब, आणि लोकांनी काच, भंगार, जुने टीव्ही आणून टाकायचं रिसायकलिंगचं आवार, या तिन्हींवर समितीने देखरेख करायची. बाकीचे सभासद बैठकीला कॉफी प्यायला यायचे. बाईंनी देखरेख हा शब्द फारच मनावर घेतला होता.

शनिवारी सकाळी त्या गळ्यात मोत्यांची माळ घालायच्या, चांगला कोट चढवायच्या आणि हातगाडी ओढत त्या आवारात जायच्या. स्वतःच्या बाटल्या टाकून झाल्या की कंटेनरपाशीच उभ्या राहायच्या. काचेत कुणी चिनी मातीचा कप टाकला, की तो उचलून त्या माणसाच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवायच्या. "हा तुमचा." शेजाऱ्यांच्या प्लास्टिक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांतली चुकीची वस्तू काढून, स्वच्छ धुऊन, त्यांच्या दारात ठेवायच्या. लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायचे. तरी मत त्यांनाच द्यायचे. मी बेकरीतल्या बाईला याचं कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "तिला तिकडे पाठवलं की निदान तेवढा वेळ ती इथे नसते."

मी बॉटनीत एम.एस्सी. करून गेलेली, हाताला काम नाही, भाषा येत नाही. बाईंनी मला पहिल्याच हिवाळ्यात समितीच्या बैठकीला नेलं. बैठका सर्वांना खुल्या असत, पण प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर कुणी फिरकत नसे. "खुर्च्या रिकाम्या दिसल्या की ही माणसं काहीही बोलतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या बसा. कळलं नाही तरी कळल्यासारखं बघा." माझं जर्मन असं तयार झालं. मला शेणखत, गाळ, युवा कार्यकर्ता, ठराव, तहकुबी हे शब्द यायचे आणि केसांच्या पिनेला काय म्हणतात ते यायचं नाही.

मुलीच्या वेळी सासूबाई बाळंतपणासाठी आल्या. सांगलीकडच्या, शेतीच्या घरातल्या. आल्या दिवसापासून त्यांचं आणि बाईंचं कंपोस्टच्या खड्ड्यापाशी जमलं. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघींना वाटायचं की आपण दुसरीला पटवलंय. एकदा सासूबाईंनी नारळाच्या करवंट्या त्या खड्ड्यात टाकल्या. बाई त्या घेऊन वर आल्या.

"ह्या कुजत नाहीत."

"काय म्हणतेय गं ही?" सासूबाईंनी मला विचारलं.

"करवंटी कुजत नाही म्हणतात, आई."

"तिला म्हणावं, करवंटी बंबात घालतात. यांच्याकडे बंबच नाही, त्याला मी काय करू?"

मी ते कसंबसं सांगितलं. बाई विचारात पडल्या. पुढच्या बैठकीत आयत्या वेळच्या विषयांत त्यांनी पिशवीतून करवंटी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, की ही जिल्ह्याच्या कोणत्या डब्यात टाकायची. कचरा विभागाच्या माणसाने ती हातात घेऊन फिरवली. चर्चा लांबली. कुणी लाकूड म्हणालं, कुणी बी. अध्यक्ष व्यवसायाने दाताचे डॉक्टर होते. ते म्हणाले, की जिल्ह्यात असा कचरा करणारं एकच घर असावं. "आज एक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या दहा येतील. यायलाच हवेत. नाहीतर इथे कोण राहणार आहे?"

हा त्यांचा खरा ध्यास होता आणि तो कळायला मला बराच वेळ लागला. गावातली शाळा बंद झालेली, दुकान बंद झालेलं. मुली बारावी झाल्या की पश्चिमेला निघून जायच्या, मागोमाग मुलं. बाईंचा स्वतःचा मुलगा वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात होता. रविवारी त्याचा फोन यायचा. आई, इकडे ये, असं तो म्हणत असावा, कारण बाई दर रविवारी तेच उत्तर द्यायच्या. "मी आले तर इथे दिवा कोण लावील?" आम्ही तिथे घर केलं, तिथे आमचं मूल जन्मलं, याचा त्यांना जो आनंद होता तो आमच्यापेक्षा गावासाठी होता. मुलीला फिरवताना भेटेल त्याला सांगायच्या, "इथलीच आहे. इथेच जन्मली." ती शहरातल्या इस्पितळात जन्मली होती, पण तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

गावचा यूगेंडक्लब, म्हणजे तरुणांचा क्लब, जुन्या दूध संकलन केंद्राच्या इमारतीत होता. एक टेबल फुटबॉल, दोन सोफे, एक कॉफी मशीन. जिल्ह्याने नेमलेला एक युवा कार्यकर्ता आठवड्यातून काही दिवस यायचा. बाई तिथेही जायच्या. टेबल फुटबॉल फार वाईट खेळायच्या आणि हरल्या की नियम बदला म्हणायच्या. पोरं हसायची. मीही एकदोनदा चिवडा करून नेला. मिनिटभरात डबा रिकामा झाला. तिथला सगळा कारभार खरं तर एकोणीस वर्षांची एक मुलगी बघायची. बेकरीत शिकाऊ होती. झाडायची, भांडणं सोडवायची, पिऊन आलेल्याला दारातून परत पाठवायची. कार्यकर्ता कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेला असायचा. बाई त्या मुलीकडे बघत मला म्हणाल्या होत्या, "बघा, हिला अजून दहा वर्षं इथे ठेवता आली तर गाव वाचलं."

मग ती बैठक झाली. जिल्ह्याकडे पैसा नव्हता. समितीच्या तीन कामांपैकी एकाला कात्री लागणार, कोणत्या ते समितीने सुचवायचं, असं वरून आलं. युवा कार्यकर्त्याची जागा जाईल, शेती सल्लागाराचं कार्यालय जाईल, किंवा रिसायकलिंगचं आवार खाजगी कंपनीला जाईल. सभासदांची मतं सारखीच वाटली गेली होती, आणि बाईंचं मत कुठे पडतं यावर सगळं ठरणार होतं.

बाई महिनाभर फिरल्या. सल्लागाराबरोबर चिखलातून शेतं तुडवली. आवारात दिवसदिवस उभ्या राहिल्या. क्लबात जाऊन सोफ्यावर बसल्या. बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि सभासदांना एकेक करून तोच प्रश्न विचारला. कुणीही कुठेही गेलेलं नव्हतं. दातांचे डॉक्टर म्हणाले, की आपण अहवाल वाचलाय.

"मी जाऊन आले," बाई म्हणाल्या. "सल्लागार गेला तर इथले उरलेले शेतकरी औषध विकणाऱ्या कंपन्यांच्या हातात जातील. आवार गेलं तर लोक कचरा रानात फेकतील. क्लबात जो माणूस आहे तो तिथे काही करत नाही. क्लब पोरं स्वतः चालवतात. त्यांच्या हातात किल्ली द्या. मी त्यांना ओळखते."

युवा कार्यकर्त्याची जागा गेली. बैठकीतून घरी येताना बाई खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वतः केलेला मनुकांचा केक घेऊन त्या क्लबात गेल्या आणि सगळ्यांसमोर त्या मुलीच्या हातात किल्ली दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे होते. ती मुलगी लाजली होती आणि किल्ली कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

त्या जे बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी जे बघितलं ते तसंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीचं शिक्षण संपलं. गावच्या बेकरीला कायमचा माणूस परवडत नव्हता. तिला श्टुटगार्टकडे नोकरी मिळाली आणि ती गेली. जाताना किल्ली भावाला दिली. भाऊ वाईट नव्हता, फक्त बेकार होता, आणि त्याचे मित्र शेजारच्या गावातले होते. ते मित्र आपले मित्र घेऊन आले. आधी संगीत बदललं. मग उरलेल्या दोन मुली यायच्या बंद झाल्या. मग खिडक्यांना आतून काळं कापड लागलं आणि दारासमोर डोकं भादरलेली, जाड बुटांची पोरं दिसायला लागली. काही नवीन होती. काहींना मी ओळखत होते. ती माझा चिवडा खाल्लेलीच होती.

त्याच वर्षी शेती सल्लागाराचं कार्यालयही बंद झालं, आणि आवार कंपनीला दिलं. कंपनीने ते आठवड्यातून एक सकाळ उघडं ठेवलं. समितीला कळवण्यात आलं. विचारण्यात आलं नाही. बाईंनी ज्यासाठी कार्यकर्त्याच्या जागेचा बळी दिला होता त्यातलं काही उरलं नाही.

एका दुपारी मी मुलीला बाबागाडीत घालून बसस्टॉपवर उभी होते. पाचसहा जण आले. आधी नुसते हसले. मग एक जण माकडाचे आवाज काढायला लागला. बाबागाडीच्या चाकाला कुणीतरी बुटाने ठोकरा देत होतं, जोरात नाही, मजेत, गाडी हलेल इतपत. मुलीला तो खेळ वाटला आणि ती खिदळायला लागली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. बेकरीतल्या त्या मुलीचा भाऊ बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. बस आली आणि मी चढले. ड्रायव्हरने सगळं बघितलं होतं. तो फक्त म्हणाला, "तिकीट."

नवरा म्हणाला, पोलिसात जाऊ. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

मी एकच नाव सांगितलं, त्या भावाचं. त्या तिथल्या तिथे जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना कधी पायरीवर बसलेलं बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "किल्ली मी दिली."

"बाई, तुम्ही तिला दिली होती."

"मी दिली," त्या म्हणाल्या. "मी त्यांना ओळखते, असं मी त्या सभागृहात उभं राहून म्हणाले."

पोलीस आले, त्यांनी लिहून घेतलं, गेले. क्लब बंद करा, असं बाईंनी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, की तो पोरांनी स्वतः चालवायचा क्लब आहे, ठराव तुमचाच आहे, आणि तक्रार एकाच कुटुंबाची आहे.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी क्लबात जायला लागल्या. घडीचं स्टूल घेऊन जायच्या, कारण त्यांना कुणी सोफ्यावर जागा देत नसे. मध्यभागी बसायच्या. पोरं आधी शिव्या द्यायची, संगीत मोठं करायची. बाई कान झाकून बसून राहायच्या. हळूहळू पोरांनी नाद सोडला. एखादा त्यांच्याशी बोलायचाही. कामाचं, आईच्या दारूचं, अर्ज करूनही कुठून उत्तर येत नाही याचं. घरी आल्यावर बाई मला सांगायच्या, "आज अर्धा तास बोलला. हरामखोर आहे, पण बोलला." त्यांच्या आवाजात आशा असायची, आणि मला ती ऐकवत नसे. आमची बाबागाडी तेव्हापासून अंगणाबाहेर गेली नव्हती.

"बाई, ती बदलणार नाहीत," मी एकदा म्हणाले.

"तुम्ही तिथे..." त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून थांबल्या. तो प्रश्न मला विचारणं त्यांना जमेना.

क्राइसटागची निवडणूक आली. क्लबातल्या टोळीचा म्होरक्या शेजारच्या गावातला तिशीचा एक माणूस होता, नीट शर्ट घालणारा, म्हाताऱ्यांना हात देणारा. तो उभा राहिला. त्याची पत्रकं आमच्याही पेटीत पडली. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'ते इथे शेवटचे कधी आले होते?' खाली लिहिलं होतं, की शाळा गेली, सल्लागार गेला, कार्यकर्ता गेला, तुमची मुलं गेली, आणि वर बसलेल्यांनी हे गाव बघितलेलंही नाही. पुढे कोण आलंय आणि कुणाला घालवायला हवं, ते होतं.

बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग मला वाचायला दिलं, जणू माझ्या पेटीत तेच पडलेलं नव्हतं.

"वरचा भाग खरा आहे," त्या म्हणाल्या. "शब्द न् शब्द खरा आहे. मीच त्यांना सांगितला. रोज संध्याकाळी बसून सांगितला."

तो माणूस निवडून आला. बाईही आल्या, थोडक्या मतांनी. त्याने स्वतःहून हीच समिती मागून घेतली. इतर कुणाला ती नकोच होती. मी शेवटची त्या बैठकीला गेले तेव्हा प्रेक्षकांच्या खुर्च्या भरल्या होत्या. त्याची पोरं पांढरे शर्ट घालून बसली होती आणि मला जागा नव्हती. मी दाराशी उभी राहिले. तो माणूस तरुणांवर बोलला, छान बोलला, आकडे न बघता बोलला. बाकीचे सभासद कपात बघत होते. मी बाईंकडे बघत होते. त्या आता उठतील, चष्म्यावरून बघतील, काहीतरी विचारतील. बाईंनी तोंड उघडलं नाही. मतदानाला हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या शेजाऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं. त्या दचकल्या आणि विचारलं, "कशावर?"

नवऱ्याची पीएच.डी. संपत आली होती. त्याला पश्चिमेकडे, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नोकरी मिळाली. बाईंना हे कसं सांगायचं यावर आम्ही आठवडाभर खल केला. सांगितलं तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि सोलत राहिल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी खोकी उतरवायला मदत केली. वयाला शोभणार नाही एवढी जड उचलली, आणि नको म्हणायची सोय नव्हती. मुलगी तोवर चालायला, बोलायला लागली होती, बाईंशी जर्मन बोलायची, त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायची. गाडीत बसायच्या आधी ती त्यांच्या कोटाला धरून म्हणाली, की मी उन्हाळ्यात येणार, चेरी खायला. मी पण तेच म्हणणार होते. दर सुट्टीत येऊ, तुम्हीही या, असं सगळं मी तोंडात तयार करून ठेवलं होतं.

बाई मुलीसमोर वाकल्या. तिची बोटं कोटावरून एकेक करून सोडवली. मग उभं राहून माझ्याशी बोलल्या.

"हिला इथे आणू नका."

"बाई, असं काय म्हणता? सुट्टीत तरी..."

"सुट्टीतही नाही. फोन करा, मी बोलेन. इथे आणू नका."

नवऱ्याने गाडी सुरू केली होती. बाईंनी माझा हात हातात घेतला, सोडला, आणि आमची गाडी वळणापर्यंत जायच्या आतच त्या घरात गेल्या.

आम्ही फोन करत होतो. पुढे कधीतरी वोल्फ्सबुर्गहून मुलाचा फोन आला की आई गेली, त्या घरातच. अंत्यविधीला नवरा एकटा गेला. तिथे कोण कोण होतं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी आता मोठी झाली आहे. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते. कुणी जन्मगाव विचारलं की येना सांगते. त्या गावाचं नाव आम्ही तिला कधी सांगितलेलं नाही.